थांब मिक्स कुणाचा, बालाजी?

बालाजी, तुला जाऊन अजून महिना झाला नाही आणि परवा तू आमच्या दारावरून वाजत गेलास. दिंद्रुडात बाजाराच्या अंगाला कुणाचं तरी लग्न होतं. मी ओट्यावर मेथी निवडत होते. आधी लांबून हलगी आली, मग छातीत धडधड, मग एकदम सगळं गप्प. त्या गप्पपणात माझाच आवाज आला, "थांब की जरा." मग पोरांची आरोळी, मग बेस आदळला आणि फळीवरचा पेला खाली आला. मी पेला उचलून परत फळीवर ठेवला आणि मेथी निवडत बसले. गल्लीतल्या कुणाला ठाऊक नाही की तो आवाज त्यांच्या पोरांना पाढे शिकवणाऱ्या बाईंचा आहे. आणि ते गाणं कुणी बांधलं, हे तर नाचणाऱ्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. मी मुद्दाम विचारलं. एक पोरगा म्हणाला, "थांब मिक्स हाय मॅडम. कुणी केला म्हंजे? त्यो असतोच की."

असतोच म्हणे. पाऊसपाण्यासारखा.

मी थकले आहे रे. दुःखाचं नंतर बघू, आधी झोप पुरी होत नाही. आठवड्यातून दोनदा तुला अंबाजोगाईला न्यायचं, तू मशीनला लागलास की बाहेरच्या बाकावर वह्या तपासायच्या, संध्याकाळी तुला सिरसाळ्यात सोडून दिंद्रुडला यायचं, भाकरी टाकायच्या. आता तो फेरा बंद झाला तरी अंग अजून त्याच वेळापत्रकाने उठतं. परवा डायलिसिसचा वार होता आणि मी पहाटे डबा भरून ठेवला, बिनमिठाची भाजी. तुझ्या दाजींनी तो डबा बघितला आणि तोच शाळेत नेला.

लोक भेटायला येतात आणि विचारतात, वय किती होतं, आजार कधी कळला, लग्न का केलं नाही. डीजेवाल्याला पोरगी कोण देतंय, हे तूच हसत सांगायचास, ते मी सांगते. तुझं काम काय होतं हे विचारलं की मला धड सांगता येत नाही. साउंडची गाडी होती, म्हणते. ते खरं आहे आणि ते काहीच नाही. म्हणून हे तुलाच लिहिते आहे. तुला तरी समजावून सांगावं लागणार नाही.

आपल्या अंगणातली ती दुपार तुला माझ्याइतकी आठवत नसेल, कारण डोकं माझं उठलं होतं. डी.एड.ची परीक्षा तोंडावर आलेली. तू किसनमामांना बोलावून आणलंस. आयुष्यभर लग्नात हलगी वाजवलेला माणूस. डीजेच्या गाड्या आल्या तसं त्यांना कुणी बोलवेना. बेंजो पार्ट्या बसल्या, हलगीवाले बसले. मामांनी पाचट पेटवून हलगी शेकली, सगळा धूर माझ्या पुस्तकात. मग वाजवायला लागले ते थांबेचनात. तू परळीहून आणलेला तो जुना कॉम्प्युटर ओसरीवर, माइकला मोजा घातलेला, आणि तू डोळे मिटून डुलतोयस. मी आतून ओरडले, "थांब की जरा, काय डोकं उठवलंय." तो आवाज टेपात गेला हे मला तेव्हा कळलं नाही.

पुढचे कितीतरी दिवस तू त्या हलगीशी झगडत होतास. कॉम्प्युटरला सगळं एका मापात पाहिजे आणि मामा तर पब्लिक बघून हात सोडायचे, कधी मागे राहायचे, कधी पुढे पळायचे. तू त्यांच्या वादनाचे तुकडे करून एका मापात बसवलेस आणि मोठ्या हौसेने मामांना ऐकवलंस. मामांनी पूर्ण ऐकलं, तंबाखू थुंकली आणि म्हणाले, "बालाजी, हिचे हातपाय तोडून बसवलीस की रं. ही बसलेली हाय, चालत न्हाई." तू दोन दिवस जेवला नाहीस. मग उलटं केलंस. मामांची हलगी होती तशी ठेवलीस आणि कॉम्प्युटरचा ढोल तिच्या मागे ओढत नेलास. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तेव्हा पहिल्यांदा तुझं गाणं ऐकताना माझा पाय हलला. तुला सांगितलं नव्हतं, आता सांगते.

आणि ती मधली गप्प जागा. आजकाल रील करणारी पोरं म्हणतात की ती विदेशातल्या कुठल्याशा संगीतावरून आली. येऊ दे बापडी. मी चुलतभावाच्या वरातीत उभी होते, मला माहीत आहे ती कुठून आली. तुझ्या गाडीवरचा जोडीदार सलीमभाई, त्याच्या जनरेटरातून आली. लाइटी आणि बेस एकदम लागले की ते जनरेटर दम खायचं. ऐन रंगात स्पीकर मुके झाले, लॅपटॉप आपला बॅटरीवर चालूच. हात वर केलेले लोक तसेच हात वर करून उभे, नवरदेव घोड्यावर, करवल्या एकमेकींकडे बघतायत. सलीमभाईने जनरेटरला शिव्या घालून काहीतरी ओढलं आणि आवाज परत आला तो नेमका हलगीच्या ठोक्यावर. असं पब्लिक उसळलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं. बुजलेल्या घोड्याला आवरायला चौघं लागले.

दुसऱ्या दिवशी सलीमभाईने इमानदारीने जनरेटर दुरुस्त केलं, आणि पुढच्या लग्नात वरबाप तक्रार करत आला, "त्ये मागच्या लग्नावानी बंद पडत न्हाई का?" म्हणून तू गाण्यातच बंद पाडलंस. त्यावरून सलीमभाईला जवळजवळ मार बसला होता. सिरसाळ्याच्या पुढच्या त्या लग्नात गाणं गप्प झालं, नवरीचा मामा जनरेटरकडे धावला आणि त्याची गचांडी धरली. सलीमभाई ओरडतोय, "आवो, बंद न्हाई पडलं, आसंच हाय त्ये." कोण ऐकतंय. बंद पडलं नाही, पाडलं आहे, हे लोकांना कळायला काहीतरी खूण पाहिजे होती. तू घरी येऊन टेप चाळलास आणि तुला माझं ओरडणं सापडलं.

झालं एवढंच. जनरेटर कमजोर नसतं, परीक्षा नसती आणि मामांना सुपारी मिळत असती तर थांब मिक्स नसता. तू हे हसत सांगायचास. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही, पण खोटंही नाही.

मग ते पसरलं. माजलगावच्या एकाने त्याच्या बायकोला म्हणायला लावलं. गेवराईत एकाने आजीला. कुणी हलगी काढून संबळ घातला, कुणी संबळ काढून तुतारी. नांदेडकडून ते तेलंगणात गेलं आणि तिकडच्या बाईच्या तिकडच्या बोलीतल्या ओरडण्यासकट परत आलं. तू ते फोनवर लावून मला ऐकवलंस, जसा काही भाचा परीक्षेत पास झाला. पुण्याला शिकायला गेलेल्या पोरांनी ते हळू केलं, घुमवलं, रात्रीचं हेडफोनात ऐकायचं केलं. नाचायचं गाणं झोपायचं झालं. आणि प्रत्येक जण आपलं नाव त्यात कोंबायचा. गाणं सुरू व्हायच्या आधी नाव, मध्ये नाव, शेवटी नाव आणि गाव. फक्त तुझ्यात नव्हतं.

यावर आपण किती भांडलो बालाजी. मी म्हणायचे, नाव टाक. तू म्हणायचास, "आक्का, नाव टाकलं की लोकं कापून काढतेत. तुझं वरडणं कापता येत न्हाई, त्ये तालात बसलंय." मी म्हणायचे, माझं ओरडणं राहिलं आणि तू गेलास, हा कुठला न्याय. तेव्हा तू बांधावरच्या बाभळीकडे हात केलास. "बाभळ कोण लावतंय? शेळी शेंगा खाती, दुसऱ्याच्या बांधाला लेंड्या टाकती, तितं बाभळ येती. शेळीचं नाव घेतंय का कुणी?" मी म्हणाले, तू शेळी नाहीस. त्यावर तू म्हणालास, "नाव टाकायचं म्हणलं तर पैलं किसनमामाचं टाकावं लागंल. त्येंचं न टाकता माजं टाकू व्हय?" मी विचारलं, मग दोघांचं टाक, कोण नको म्हणतंय. "मामा नको म्हणतेत. हलगीवाल्याचं नाव घेतलं की लोकं आदी जात इचारतेत, मग ताल ऐकतेत, म्हणतेत." शिक्षकाला उत्तर नसलं की तो आवाज चढवतो, तसा मी चढवला.

माझं म्हणशील तर मला त्या आवाजाचा वैताग होता. सासरी पहिली काही वर्षं मी कुणाला कळू दिलं नाही. मग शाळेत सव्वीस जानेवारीला लेझीम होतं, गुरुजींनी कुठूनसं गाणं आणलं, आणि ऐन रांगेत स्पीकरातून मी ओरडले, "थांब की जरा." रांगेतली सगळी पोरं थांबली आणि वळून माझ्याकडे बघायला लागली. वर्गात मी दिवसातून चारदा तेच म्हणते ना. हेडमास्तर हळूच म्हणाले, "बाई, तुमचा आवाज लई वापरात हाय." त्या दिवशी फोनवर मी तुला वाटेल ते बोलले. कुणाच्या दारू प्यायलेल्या वरातीत माझा आवाज नाचतोय, म्हाताऱ्या माणसांच्या छातीत धडकी भरतेय, बाळं दचकून उठतायत. तू ऐकून घेतलंस. "बेस कमी करतो आक्का," म्हणालास. केलास का? नाही केलास. त्यानंतर तू नवं म्हणायला सांगितलंस तेव्हा मी नाही म्हणाले, आणि नाहीच म्हणत राहिले.

आजारपणात तू नवं गाणं धरलंस. मशीनला लागल्यावर तुझा एक हात नळ्यांना अडकलेला, दुसऱ्या हाताचं बोट चादरीवर चालू. शेजारच्या पलंगावरच्या म्हातारबाबांना तू विचारलंस, "बाबा, ह्या पंपाचा ठेका ऐकू येतोय का?" ते म्हणाले, "मला त्येचं बिल ऐकू येतंय." किती हसलास. सिस्टर रागावली. नंतर जाताना गाडीत मला ते गाणं लावून दाखवलंस. फार हळू होतं. मामांची तीच हलगी, पण चालत येणारी. मी म्हणाले, पुण्याच्या पोरांची नक्कल करायला लागलास का? तू चिडलास. मग मी दुसरं बोलले, ते बोलायला नको होतं का होतं, आजही ठरवता येत नाही. मी म्हणाले, तुला दम लागतोय म्हणून गाणं हळू झालंय.

तू खिडकीकडे तोंड केलंस. परळी आली. मग म्हणालास, "न्हाई आक्का. मामा घरी एकटे वाजवायचे तवा आसंच वाजवायचे. पब्लिकनं त्येन्ला पळवलं, मग मी पळवलं. मुळात ही आशीच हाय." यातलं खरं काय, तुझा दम की मामांचा ताल? मी हे तुझ्याकडून काढून घेणार होते, सवडीने. दोन्ही असेल, असं आता वाटतं. तू असतास तर म्हणाला असतास की असंच असतं, प्रत्येक नव्या गाण्याच्या मागे कुणाचा तरी दम गेलेला असतो. नाही, असं तू म्हणाला नसतास. हे माझं आहे.

त्या गाण्यात मधली जागा मोकळी होती. "तुज्यासाठी ठिवलीय," म्हणालास. "एकदाच म्हण." मी म्हणाले, पाणी मापात पी, मशीन चुकवू नकोस, बरा हो, मग म्हणते. पोराला खाऊ दाखवून औषध पाजावं तसं ते होतं आणि तुलाही ते कळत होतं. त्या आमिषावर तू पुष्कळ दिवस पाणी मापात प्यायलास.

तेरावा झाला आणि सलीमभाईचे फोन सुरू झाले. फोन करायचा आणि रडायचा. मग एक दिवस दाजींना घेऊन घरीच आला. म्हणाला, "आक्का, बालाजीचं गाणं फुटलं." तू आजारपणात कुणाला तरी पाठवलं होतंस म्हणे, ऐकायला. ते हात बदलत गेवराईच्या एका पोरापर्यंत गेलं. सलीमभाईने फोन पुढे केला. आधी त्या पोराचं नाव, घुमवलेलं. मग हळू येणारी हलगी. मग ती मोकळी जागा, आणि त्यात मी, "थांब की जरा."

मी ते कधीच म्हटलेलं नाही, बालाजी. जुन्या गाण्यांतला माझा आवाज कॉम्प्युटरला खाऊ घालून त्याने नवं म्हणवून घेतलं होतं. आणि आवाज माझाच होता, डी.एड.च्या परीक्षेच्या वयाचा. त्यात वीस वर्षांची खडूची धूळ नव्हती, अंबाजोगाई नव्हती. दाजी म्हणाले, "अगं, हुबेहूब तूच की." मला त्या पोराचा राग यावा असं सलीमभाईला वाटत होतं. मला राग आला नाही. तुझंच शास्त्र त्याने चालवलं होतं, शेळीचं. मला फक्त फार दमल्यासारखं झालं, की आता मी नसले तरी चालतं, तू नसलास तरी चालतं, आणि गाणं आपल्या पायांनी पुढे चाललं आहे.

"तुमी खरं म्हणा," सलीमभाई म्हणाला. "तुमचा खरा आवाज घालून आमी सोडतो. लोकान्ला कळंल की ह्ये अस्सल हाय."

"अस्सल कुणाचं?" मी विचारलं.

"बालाजीचं."

"त्यात बालाजी कुठं आहे?"

त्याने फोन खिशात घातला. मग मी म्हणाले, येते.

रविवारी सिरसाळ्याला गेले. तुझी खोली तशीच, खिडकीला आईची वाकळ टांगलेली, माइकला मोजा. सलीमभाईने कॉम्प्युटर लावला. त्याला जनरेटर कळतं, कॉम्प्युटर जेमतेम. पण तुझ्याजवळ बसून बसून तेवढं शिकलाय. मी सांगितलं, मी ते ओरडणं म्हणणार नाही. मी नावं घेणार आहे. त्याने माऊसवरचा हात काढला. "त्येला आवडत न्हवतं, आक्का." मी म्हणाले, ठाऊक आहे. मामांनाही आवडत नव्हतं. दोघांनीही माझं ऐकलं नाही, आता मी त्यांचं ऐकत नाही.

पहिलं नाव किसनमामांचं घेतलं. तुझी अट होती ना ती. आणि जात विचारणारे विचारू देत, ताल तर ऐकावाच लागेल त्यांना. मग तुझं. पण तुझं नाव पुरं व्हायच्या आतच हलगी येऊन आदळली. बालाजीच्या पुढचं सगळं तिच्याखाली गेलं. पुन्हा केलं. घाईने म्हणून बघितलं. एकट्या तुझ्याच नावाने करून बघितलं, तरी वडिलांचं नाव आणि आडनाव ठोक्याखाली जात होतं. सलीमभाई म्हणाला, "बसंना गेलंय." आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ती जागा तू माझ्या तीन शब्दांच्या मापाने ठेवली होतीस. इतक्या वर्षांत इतकी गाणी केलीस आणि एकाही गाण्यात स्वतःचं नाव मावेल एवढी जागा तू सोडली नव्हतीस. मी खुर्चीवर बसले आणि तेरा दिवसांत रडले नव्हते तेवढं तिथे रडले. सलीमभाई बाहेर जाऊन उभा राहिला.

तो परत आला तेव्हा मी म्हणाले, "जागा वाढव."

"पब्लिक यवढा येळ थांबत न्हाई, आक्का. त्येन्ला वाटंल जनरेटर गेलं. परत माजी गचांडी."

"थांबेल. नाव पुरं होईपर्यंत थांबेल."

त्याने वाढवली. बघायला सुद्धा मोठी दिसत होती ती, पडद्यावरची मोकळी पट्टी. मी माइकपुढे उभी राहिले. आधी मामांचं पूर्ण नाव घेतलं. मग तुझं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, वर्गात हजेरी घेतात तसं, सावकाश. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने, नाव घेऊन झाल्यावर, 'हजर' ऐकू येईल म्हणून तशीच उभी राहिले.